डावा हात कमी

माझा हात चालतो, हे मला दिल्लीत कळलं. गावी आमच्या घरात सापळ्यात उंदीर सापडला की वडील तो सापळा सायकलच्या हँडलला अडकवून ओढ्यापलीकडे जात आणि उंदीर सोडून येत. एवढ्या लांब कशाला, असं आईने विचारलं की म्हणत, त्यालाही घरदार असेल. त्या माणसाची धाकटी मुलगी पुढे दिल्लीत पाच वर्षं पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांचे गळे कापत होती, आणि त्या कामात अख्ख्या प्रयोगशाळेत तिच्याइतकं तरबेज कोणी नव्हतं.

तरबेज हा शब्द मी मुद्दाम वापरते. मला तेव्हा त्याचा अभिमान होता, आणि आता नव्हता म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला तर तिथे नेमकं काय मोडतं, हा आमचा विषय होता. बाळांवर प्रयोग करता येत नाहीत म्हणून उंदरांची पिल्लं. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू फार कच्चा असतो. तिसऱ्या दिवशीचं पिल्लू म्हणजे साधारण सातव्या महिन्यात जन्मलेलं माणसाचं बाळ, असा आमचा ठोकताळा. पिल्लाला भूल द्यायची, उताणं करून चारी पाय चिकटपट्टीने ताणून बसवायचे, गळ्याला बारीक छेद घ्यायचा आणि उजवीकडची, मेंदूला रक्त नेणारी धमनी शोधायची. ती शिवणाच्या दोऱ्याहून बारीक असते. तिला दोन गाठी मारायच्या, मधे कापायचं, कातडी शिवायची. मग पिल्लाला थोडा वेळ आईजवळ सावरू द्यायचं, आणि त्यानंतर बरणी.

बरणी खरोखरच लोणच्याची होती. बाहेरच्या देशातून मागवलेली पेटी यायला उशीर होता आणि सरांना थांबायचं नव्हतं. देश आता खुला झालाय, सगळं मिळतं, असं ते उठसूट म्हणत, आणि शेवटी मीच मुनिरकाच्या बाजारातून मोठी काचेची बरणी आणली. तिच्या रबरी बुचाला दोन भोकं पाडली. एकातून कमी प्राणवायूची हवा आत जायची, दुसऱ्यातून बाहेर. बरणी कोमट पाण्यात ठेवायची. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या शंभर भागांत प्राणवायूचे एकवीस असतात, बरणीत आठ. पिल्लं आधी धडपडायची, एकमेकांच्या अंगावर चढायची, तोंडं उघडून हवा ओढायची. मग जांभळी पडायची आणि गप्प व्हायची. मी स्टुलावर बसून घड्याळ बघायची. वेळ संपली की बूच काढायची. काही पिल्लं उठत नसत.

उठलेल्यांना आईकडे परत ठेवण्याआधी पिंजऱ्यातल्या भुशात नीट घोळवावं लागे, म्हणजे माझ्या हातमोज्यांचा वास जाई. वास राहिला तर आई पिल्लू खाते. डोक्याकडून सुरुवात करते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी पिंजऱ्यावर मूठ आपटून तिला अस्सल मराठीत शिव्या घातल्या होत्या. पुढे सवय झाली. आईने खाल्लेल्या पिल्लांसाठी माझ्या वहीत एक वेगळा रकाना होता.

जगलेल्या पिल्लांची परीक्षा असे. उतरत्या फळीवर पिल्लाला डोकं खाली करून ठेवायचं. धड असेल तर ते गरकन वळून वर तोंड करतं. मोडलेलं असेल तर वेळ लावतं, नाहीतर तसंच घसरत खाली येतं. पंजात तार द्यायची आणि पकड बघायची. धमनी उजवीकडची बांधलेली, म्हणून मेंदूची उजवी बाजू जायची आणि अंगाची डावी बाजू लुळी पडायची. दोन-तीन आठवड्यांनी कात्री. मग मेंदूचे पातळ काप, काचपट्टीवर रंगवलेले. एक बाजू भरलेली, दुसरी पोकळ.

या सगळ्याची कच्ची वही मी मराठीत ठेवत असे. आमच्या एका सिनियरला दुसऱ्याच्या आकड्यांत नाक खुपसायची खोड होती, आणि मराठी त्याला वाचता येत नसे. रोज तेच ते लिहून माझी एक ठरीव भाषा झाली होती. ‘उजवा : चांगला. डावा : कमी. उतारावर : वळत नाही.’ सर पक्की वही बघत आणि म्हणत, ‘हाथ अच्छा है तुम्हारा. बिल्कुल नहीं काँपता.’

हात थरथरायला वेळच कुठे होता? मुनिरकाला माझी खोली होती, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर दुसऱ्याच्या घराची विटांची भिंत. सकाळी खालच्या एकमेव नळावर बायका बादल्यांनी मारामाऱ्या करायच्या, आणि पहिल्या आठवड्यातच मीही शिकले. बसमध्ये एकदा मागच्या माणसाने हात लावला. माझ्या पर्समध्ये प्रयोगशाळेतला वाकडा चिमटा असायचा. तो मी त्याच्या मांडीत असा खुपसला की तो पुढच्या स्टॉपवर लंगडत उतरला. मला दिवसभर बरं वाटत होतं. आजही आठवलं की थोडं बरं वाटतं.

ताई माझ्या अगदी उलट. आई गेली तेव्हा मी शाळेत होते, आणि तिथून पुढे मला ताईनेच वाढवलं. तिने कधी माझ्यावर हात उगारला नाही. ती डासही मारत नसे, हाकलत असे. तिचं लग्न दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या मुलाशी झालं म्हणून तर मला दिल्लीला यायची परवानगी मिळाली. भावोजींच्या खात्यातल्या लोकांनी मिळून द्वारकेला सोसायटी काढली होती. फ्लॅट ताब्यात आला आणि ते दोघं लगेच राहायला गेले. आजूबाजूला अर्धवट इमारती, कीकरची काटेरी झुडपं, धूळ. पाणी टँकरने येई. विमानं इतकी खालून जात की बोलणं थांबवावं लागे. पण ताईला घर मिळालं होतं, बाल्कनी मिळाली होती, आणि लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस गेले होते. ती बाल्कनीत उभी राहून मला म्हणाली होती, ‘बघ, माझं बाळ मेट्रोने शाळेत जाईल.’ तेव्हा मेट्रोचा एक खांबही तिकडे उभा नव्हता.

सातव्या महिन्यात एका दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. फोन अजून घरात आला नव्हता. शेजारणीने कुणाची तरी गाडी थांबवली, खड्ड्यांतून तिला पालमच्या बाजूच्या एका नर्सिंग होमात नेलं. भावोजी ऑफिसमधून आणि मी प्रयोगशाळेतून पोचलो तेव्हा मुलगी झाली होती. ती उशिरा रडली, असं नर्स म्हणाली. किती उशिरा, ते कोणी सांगेना. मी त्या नर्सच्या अंगावर ओरडले, ‘मिनट बताइए, कितने मिनट?’ ती म्हणाली, ‘मैडम, हम बच्चा देखते या घड़ी देखते?’

काचेच्या पेटीत माझी भाची होती. माझ्या हाताच्या पंज्याहून थोडी मोठी, लालजांभळी, पोटाने श्वास घेणारी. मी पेटीशी उभी राहिले आणि माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते मला थांबवता येईना. रक्त गेलं म्हणजे दाब पडला. दाब पडला म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग आधी जातो. रंग एवढा, म्हणजे वेळ एवढी. मला ती भाची दिसतच नव्हती, बरणी दिसत होती. स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ताईने विचारलं, ‘तू तर हेच शिकतेस ना गं? खरं सांग. काय होईल हिचं?’

‘उंदरं वेगळी, माणसं वेगळी,’ मी म्हणाले.

त्याच आठवड्यात सेमिनारमध्ये एकाने मला अडवलं होतं, की उंदराच्या पिल्लावरून माणसाच्या बाळाचं काय कळणार. मी उभं राहून, फळ्यावर आकृत्या काढून, त्याचं तोंड बंद केलं होतं. दोन्ही एकच आहे, असं तावातावाने सिद्ध केलं होतं. ताईला मात्र मी उलटं सांगितलं, आणि तिने ते घट्ट धरून ठेवलं. भावोजींना, शेजारणीला, सगळ्यांना ती सांगायची, माझी बहीण यातलीच आहे, ती म्हणते काही नाही होणार. मी तसं म्हटलंच नव्हतं. पण खोडूनही काढलं नाही.

मुलगी जगली. सात आठवड्यांनी घरी आली. डॉक्टर म्हणाले, हातापायांचं आत्ताच काही सांगता येत नाही, वाट बघा. वाट बघणं हे माझ्या कामात कधी बसलं नाही. वाट बघायची वेळ आली की आम्ही कात्री घ्यायचो.

जन्मल्यावर पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडायचा, दिवा लावायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. खऱ्या पाचव्या दिवशी बाळ पेटीत होतं आणि नर्सने ताईची हळदकुंकवाची पुडीसुद्धा आत नेऊ दिली नव्हती. म्हणून ताईने आपला हिशेब लावला. घरी आल्यापासून पाचवा दिवस. पाटा-वरवंटा दिल्लीत कुठला, तिच्याकडे मिक्सर होता. बिल्डरने टाकून दिलेला फरशीचा तुकडा तिने धुऊन घेतला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, विळी ठेवली, भावोजींच्या ऑफिसातलं पेन ठेवलं, आणि एक मोठा पांढरा कागद. मी सोफ्यावर बसून बघत होते. एकदा प्रयोगशाळेत मी गमतीने म्हटलं होतं, सटवाईचं काम दिल्लीत मी बघते. सटवाई कोण ते तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कोणी हसलं नव्हतं.

‘काही वाईट लिहू नकोस गं बाई,’ ताई त्या फरशीच्या तुकड्याला म्हणाली. भावोजी म्हणाले, ‘यार, तिला मराठी येत असेल ना अजून? इतक्या लांब आलीय.’ ताईसुद्धा हसली. मी त्या दिवशी तिथेच राहिले.

सकाळी भावोजी ऑफिसला गेले. दहाच्या सुमाराला खाली टँकरचा भोंगा वाजला, आणि ताई दोन बादल्या घेऊन धावली. लिफ्ट अजून बसली नव्हती, चौथा मजला होता, रांग असायचीच. म्हणजे माझ्या हातात निदान वीस मिनिटं होती. हे मी मोजलं. बाळ अंथरुणावर जागं होतं.

मी आधी फक्त करंगळी दिली. उजव्या मुठीने ती पटकन धरली. डावीकडे दिली. मूठ मिटली, पण सैल. पुन्हा दिली. पुन्हा सैल. माझ्या छातीत धडधडायला लागलं, आणि खरं सांगायचं तर त्या धडधडण्यात निव्वळ भीती नव्हती. काहीतरी सापडलं की कामात जी ऊब यायची तीही होती. तीन वर्षं मी डावी बाजूच बघत आले होते, मला डावीच दिसणार, हेही कळत होतं. म्हणून खात्री करायची होती. स्वयंपाकघरातला जेवायचा पाट आणला, एका टोकाखाली उशी घातली, आणि बाळाला त्यावर पालथं ठेवलं, डोकं खाली. सात आठवड्यांचं माणसाचं बाळ, तेही अपुऱ्या दिवसांचं, असं वळत नाही, वळूच शकत नाही. हे मला पाठ होतं. तरी मी घड्याळ बघितलं.

बाळ किंचाळायला लागलं. त्याचं तोंड लाल झालं, मग गडद. मी एका हाताने त्याचं ढुंगण धरलं होतं, दुसऱ्या हाताने लिहायला काहीतरी शोधत होते. वही खोलीवर राहिली होती. समोर पेन होतं आणि कागद होता.

मी काय लिहिते आहे याचा विचारच आला नाही. हात चालतो तो असा. त्या कागदावर, वरच्या बाजूला, माझ्या रोजच्या अक्षरात मी लिहिलं : ‘उजवा : चांगला. डावा : कमी. उतारावर : वळत नाही.’ शेवटच्या शब्दाखाली रेघसुद्धा ओढली.

दार उघडंच होतं. दोन्ही बादल्या एकदम जमिनीवर आदळल्याचा आवाज झाला आणि पाणी माझ्या पायापर्यंत आलं.

ताईने आधी बाळ उचललं, पलंगावर ठेवलं. मग ती माझ्याकडे वळली. तिने पहिली थप्पड मारली तेव्हा मला वाटलं झालं, संपलं. मग तिने माझे केस धरले. बादलीतला प्लास्टिकचा तांब्या तिच्या हाताला लागला, तो तिने माझ्या डोक्यावर, तोंडावर, खांद्यावर मारला, तो फुटेपर्यंत मारला. त्या फुटलेल्या कडेने माझी भुवई फाटली. तिच्या तोंडातून शब्द येत नव्हते, नुसता घशातला आवाज येत होता. मी तिला ढकललं. जोरात ढकललं. ती ओल्या फरशीवर पडली, आणि माझं तोंड सुटलं.

‘मार! अजून मार! त्याने काय होणारेय? डावी बाजू गेलीय तिची! तू सटवाईला कागद ठेवतेस, दिवे लावतेस, आणि पोरीचा हात वळत नाही ते दिसत नाही तुला? मी रोज बघते असली. रोज! मला बघताक्षणी कळतं!’

ती पडल्या जागेवरून माझ्याकडे बघत राहिली. ‘तू म्हणालीस उंदरं वेगळी,’ ती म्हणाली.

मग तिला कागद दिसला. ती गुडघ्यांवर सरकत गेली, तो उचलला, वाचला. पाण्याचा एक थेंब त्यावर पडला होता, तो तिने पदराने टिपला. फाडेल असं मला वाटलं. फाडला तर बरं, असंही वाटलं. पण तो सटवाईचा कागद होता, त्यावर लिहिलेलं फाडायचं कसं? तिने त्याची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली.

‘नीघ,’ ती म्हणाली. ‘हात धुऊ नकोस, तशीच नीघ.’

माझ्या भुवईचं रक्त बोटांना लागलं होतं. मी तशीच खाली उतरले, तशीच बसमध्ये बसले. त्या दिवशी बसमध्ये कोणी माझ्या जवळसुद्धा आलं नाही.

मी त्याच दिवशी ते काम सोडलं, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. सोडलं नाही. प्रयोगशाळेत तिसऱ्या दिवसाची बारा पिल्लं थांबली होती. भुवईला पट्टी लावून मी ती सगळी केली. हात थरथरला नाही. सर म्हणाले, ‘यह क्या हुआ?’ मी म्हटलं, नळावर भांडण झालं. त्यांनी मान हलवली. मुनिरकाचं सगळं दिल्लीला पटतं.

त्यानंतर दोन वर्षं ताईने माझं तोंड बघितलं नाही. मी दोनदा द्वारकेला गेले, दोन्ही वेळा तिने दार उघडलं नाही. दारापलीकडे तिची पावलं ऐकू यायची. राग मलाही होता. मी खरं तेच बोलले, असं मी स्वतःला बजावत राहायचे, आणि ज्या अर्थी रोज बजावावं लागत होतं त्या अर्थी ते पुरेसं नव्हतं.

मग एका रविवारी भावोजी मुनिरकाला आले. तीन जिने चढून, धापा टाकत, माझ्या एकुलत्या खुर्चीवर बसले. मुलीचा डावा हात खरंच कमी आहे, असं त्यांनी सांगितलं. पायही थोडा ओढते. मी बरोबर निघाले होते. मला आजवर त्याचा आनंद करता आलेला नाही.

‘त्यासाठी नाही आलो,’ ते म्हणाले. ‘ती पोरीचा हात बांधून ठेवते.’

‘कुठला हात?’

‘चांगला. उजवा. ओढणीने अंगाला बांधते आणि बसवते. पोरगी ओरडते, यार, अशी ओरडते की खाली वॉचमनला ऐकू जातं. शेजारचे म्हणतात पोलिसांना सांगू. मी काही बोललो की माझ्या अंगावर धावते. तू चल. तुझं नाही ऐकलं तर मग मला माहीत नाही.’

आम्ही बसने द्वारकेला निघालो. ताईचं डोकं फिरलं, आणि ते मी फिरवलं, एवढंच मला कळत होतं. तिच्या जिन्यातच तो आवाज ऐकू आला. ‘खोलो! खोलो!’ मुलगी हिंदीत किंचाळत होती. दिल्लीत वाढणारी पोर, रडतानाही हिंदीत रडत होती. दार भावोजींनी त्यांच्या किल्लीने उघडलं.

ताई जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर मुलगी, उजवा हात निळ्या ओढणीने छातीशी घट्ट आवळलेला. नाक गळत होतं, तोंड लाल झालं होतं. दोघींच्या मधे तोच जेवायचा पाट, आणि पाटावर एक चुरमुरा. एकच. मुलीचा डावा हात मांडीवर मुठीसारखा वळून पडला होता.

‘सोड तिला,’ मी म्हणाले.

ताईने मान वर केली नाही. ‘तू सोडतेस तुझ्या उंदरांना?’

मी पुढे झाले आणि ओढणीच्या गाठीला हात घातला. ताईने माझं मनगट धरलं. दोन वर्षांत तिचा हात लाकडासारखा झाला होता. रोज त्या मुलीला चोळून, ताणून, धरून झाला असणार.

‘हात लावायचा नाही. बस खाली,’ ती म्हणाली, आणि एक जाड वही माझ्या पुढ्यात सरकवली.

पहिल्या पानावर तो कागद डकवलेला होता. माझं अक्षर, रेघेसकट. त्याच्या खाली ताईचं अक्षर सुरू होत होतं. पहिली ओळ दुसऱ्याच दिवशीची. ती तो कागद घेऊन डॉक्टरकडे गेली होती. डॉक्टर म्हणाले वाट बघा, तर दुसऱ्याकडे गेली, मग तिसऱ्याकडे. तिथे हातापायांचे व्यायाम घेणाऱ्या एका बाईने तिच्याकडून कागद वाचून घेतला आणि म्हणाली, कळलंय तर आजपासूनच लागा. बाकीचे लोक वर्ष घालवतात. पुढे पानामागून पान. ‘डावा : बोट धरलं.’ ‘डावा : नाही.’ ‘डावा : नाही.’ ‘डावा : चमचा धरला, फेकला.’ ‘आज मला चावली.’ ‘डावा : नाही.’

‘हात बांधायला त्या बाईनेच सांगितलं,’ ताई म्हणाली. ‘रोज थोडा वेळ. चांगला मोकळा असला की ही वाईट हाताकडे बघतच नाही.’ मग म्हणाली, ‘तुम्ही उंदरांचे बांधून बघितलेत का कधी?’

‘नाही.’

‘का?’

‘तेवढे दिवस ठेवत नाही आम्ही त्यांना.’

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. भुवईवरचा व्रणही पाहिला असेल. ‘म्हणजे पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच नाही?’

मला राग आला. अंगाचा तिळपापड झाला. पाच वर्षं, शेकडो काप, पक्की वही, सरांची शाबासकी. किती मोडलं, कुठे मोडलं, ते मी डोळे मिटून सांगू शकले असते. मोडल्यानंतर कोणी दोन वर्षं समोर बसून राहिलं तर काय होतं, हे बघायला आमच्याकडचं एकही पिल्लू उरलेलं नव्हतं.

मुलगी पुन्हा किंचाळली. पाय आपटले. पाटाला लाथ बसली, चुरमुरा उडाला. ताईने डब्यातून दुसरा काढला आणि त्याच जागी ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही ती पुसत नव्हती. डास न मारणारी माझी बहीण.

‘घड्याळ आहे ना तुझ्याकडे?’ ती म्हणाली. ‘लाव.’

मी घड्याळाकडे बघितलं. मुलगी माझ्याकडे रागाने बघत होती, ही कोण नवीन बाई म्हणून. मग चुरमुऱ्याकडे. तिची डावी मूठ मांडीवरून सुटली. खांद्यातून सगळा हात ओढत तिने तो पाटावर आणून टाकला. बोटं उघडेनात. मनगटाने तिने चुरमुरा ढकलला, तो सरकला. ती गुरगुरली. दोन बोटं उघडली. मी सेकंद मोजते आहे हे माझ्या लक्षात होतं, पण पिल्लू समोर नव्हतं, बरणी नव्हती. नाक गळणारी, चिडलेली माझी भाची होती. तिने चुरमुरा चिमटीत धरला. अर्धा चुरा झाला. उरलेला तिने तोंडात कोंबला.

‘किती?’ ताईने विचारलं.

‘अडतीस सेकंद.’

‘मग लिही की. मी एकटीने किती लिहायचं?’

पेन वहीतच होतं. मी ‘डावा’ असं लिहिलं, आणि पुढचा शब्द सवयीने बोटांत आला तसा तिथेच धरून ठेवला. मग लिहिलं, ‘एक चुरमुरा, अडतीस सेकंद.’ माझं अक्षर वाकडं आलं होतं. ताईने वही ओढून घेतली, वाचली, आणि डब्यातून आणखी एक चुरमुरा काढून पाटावर ठेवला.